आकडा कुठून मोजला?

तळेगाव दाभाडे परिसरात जमिनीची ओळख चार तऱ्हांनी सांगितली जाते. गावठाणात सिटी सर्व्हे नंबर, शेतांत सर्व्हे नंबर आणि त्याच्या पोटात हिस्सा, नवलाख उंबऱ्याकडे गट नंबर, एमआयडीसीत प्लॉट नंबर. यातल्या घोळाचे खापर सहसा तलाठ्यावर फुटते, ते मला अन्यायाचे वाटते. क्रमांकाला अर्थ येतो तो मोजणीच्या आरंभामुळे. आपल्या दप्तरांनी आरंभ वेळोवेळी बदलला आणि आकड्यावर त्याची खूण मात्र ठेवली नाही, हे घोळाचे मूळ आहे.

विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात बसवलेल्या आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्क्या झालेल्या पद्धतीत मोजणी प्रत्येक गावात एकपासून सुरू होई. नंबर म्हणजे साधारण एका बैलजोडीला पेलणारे, हद्दीच्या दगडांनी बांधलेले शेत. ते फुटू नये ही अपेक्षा. वाटण्यांनी ते फोडलेच. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर हे तुकडे कागदावर येऊ लागले आणि सर्व्हे नंबरच्या आत पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली: ४५/१, ४५/२, मग ४५/२/अ. जिथे पोटहिस्स्याची मोजणीच झाली नाही तिथे नुसते ‘४५ पैकी’ लिहिले गेले. कुठला भाग, कुठल्या बाजूचा, हे ‘पैकी’ सांगत नाही. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली तिथे जुने नंबर मोडून गावभर सलग गट नंबर पडले. त्या गावांत गट ४५ आणि जुना सर्व्हे ४५ या दोन वेगळ्या जमिनी असू शकतात, आणि जुन्या खरेदीखतांत जुनाच आकडा राहतो.

आरंभ न सांगण्याची हीच अडचण संगणकाच्या जगात १९९९ च्या एक्सएसएलटी १.० या प्रमाणकातही आली. एक्सएमएल दस्तऐवजाचे रूपांतर करताना प्रकरणांना, आकृत्यांना क्रमांक देणारी सूचना त्यात आहे. मोजणी एकाच पातळीवर करायची, ४५/२/अ सारखी पातळीपातळीने जोडायची, की दस्तऐवजभर सलग न्यायची, हे तिला सांगावे लागते. आरंभाची खूणही देता येते. सलग मोजणीसाठी मात्र खुणेशी जुळणारा ‘आधीचा पहिला’ घटक धरावा असे लिहिले होते. तो लगतचा की दस्तऐवजाच्या सुरुवातीकडचा, हे त्या वाक्यावरून ठरत नव्हते. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीने नेमकी व्याख्या देऊन लगतचा धरायचा हे स्पष्ट केले. तज्ज्ञांच्या समितीकडूनही जे निसटते, त्यासाठी एकट्या तलाठ्याला धारेवर कसे धरायचे?

यावर कोणी म्हणेल, २०२१ पासून आलेला चौदा अंकी भू-आधार हे सगळे मिटवील. तो तुकड्याच्या भौगोलिक स्थानावरून ठरतो, म्हणून मोजणीच्या आरंभाचा प्रश्न त्याला नाही, हे खरे. पण त्यासाठी तुकड्याची हद्द आधी ठरलेली हवी, आणि ‘पैकी’ला तीच नसते. दुसरा आक्षेप असा की गावकऱ्यांना आपले बांध ठाऊक असतात. शेती गावातच हात बदलत होती तोवर ते पुरले. कारखाने आणि गृहसंकुले आल्यावर बाहेरचा खरेदीदार आणि त्याची बँक कागदावरच विसंबतात. खरेदीखतात आजही नंबराखाली चतुःसीमा लिहितात, ते एकट्या आकड्यावर भागत नाही म्हणूनच. त्यामुळे एकत्रीकरण झालेल्या गावांत सातबाऱ्यावर गट नंबराशेजारी जुना सर्व्हे नंबर आणि योजनेचे वर्ष छापले पाहिजे, आणि ‘पैकी’ असलेल्या नंबरांची मोजणी सर्वांत आधी हाती घेतली पाहिजे.