पुलावरची रांग आणि अमूर्त वाहन

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले बपेरा हे गाव मध्य प्रदेशच्या सीमेलगत आहे. सीमेवरच्या अशा रस्त्यावर नाका लागला की ट्रक, एसटी, जीप, धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर, सगळे एकाच रांगेत उभे राहतात. कोणत्या गाडीत काय आहे, याच्याशी रांगेला कर्तव्य नसते. पुढे कोण आणि मागे कोण, एवढे कळले की तिचे काम भागते. ही साधी गोष्ट संगणकाला सांगताना ऑस्लोमधले दोन संशोधक अडले आणि त्या अडचणीतून इनहेरिटन्सची कल्पना निघाली.

ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड हे ते दोघे. नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये त्यांनी 'सिम्युला' ही भाषा तयार केली होती. कारखान्यात किंवा रस्त्यावर काम कुठे तुंबते, हे संगणकावर नक्कल करून पाहण्यासाठी ती होती. त्यांच्यासमोरच्या उदाहरणांपैकी एक होते टोलनाका असलेल्या पुलाचे. ट्रकच्या नोंदीत मालाचे वजन येणार, बसच्या नोंदीत प्रवासी. दोन्ही नोंदींचे साचे वेगळे, पण रांगेचा प्रोग्रॅम मात्र दोघांसाठी एकच हवा. टोनी होअर यांनी १९६६ साली नोंदींच्या पोटवर्गांची कल्पना मांडली होती. ती उपयोगी पडली, तरी पुरी पडली नाही.

१९६६ च्या अखेरीस उत्तर सापडले. सर्वांना समान असलेला भाग एकदाच लिहायचा, त्याला नाव द्यायचे आणि नव्या वर्गाच्या आधी ते नाव जोडायचे : 'वाहन वर्ग ट्रक', 'वाहन वर्ग बस'. उद्या ट्रॅक्टर आला तरी रांगेच्या प्रोग्रॅमला हात लावायला नको. डाल आणि निगार्ड या जोडणीला उपसर्ग म्हणत. इनहेरिटन्स हा शब्द पुढे रुळला आणि माझ्या मते त्याने वर्गात शिकवणाऱ्याची अडचणच केली. वारसा म्हटला की बाप आणि मुलगा अशी दोन माणसे डोळ्यांपुढे येतात. इथे ट्रक आणि वाहन अशा दोन वस्तू नाहीतच. ट्रक हेच एक वाहन. हे न कळल्यामुळे 'चाक' हा वर्ग 'ट्रक'पासून काढणारे विद्यार्थी भेटतात. ट्रकला चाके असतात, पण चाक हा ट्रकचा प्रकार नव्हे.

मग टोल कोणी ठरवायचा? १९६७ च्या सिम्युलात वरच्या वर्गाने कामाचे नुसते नाव सांगावे आणि प्रत्येक पोटवर्गाने ते आपल्या रीतीने करावे, अशी सोय होती. वरच्या वर्गाने रीत सांगितली असली तरी पोटवर्गाची रीत तिच्यावर मात करी. आपल्या व्याकरणपरंपरेत यासाठी तक्रकौंडिण्य न्याय आहे : सर्व ब्राह्मणांना दही वाढा म्हटले आणि कौंडिण्याला ताक सांगितले, तर कौंडिण्य ब्राह्मण असूनही त्याला ताकच. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो. अशा नियमांचा बारकाईने विचार काशीतले मराठी पंडित नागेशभट्ट काळे यांनी 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथात केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक कीलहॉर्न यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ऑस्लोच्या मंडळींनी यातून काही घेतले, असा मात्र कोणी दावा करू नये.

एक दोष उरला. नुसते 'वाहन' रस्त्यावर कोणी पाहिले आहे? तरी प्रोग्रॅममध्ये तशी वस्तू तयार करता येई आणि टोल विचारल्यावर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, गाडी अडे. सिम्युला वापरलेल्या ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी पुढे सी++ ही भाषा घडवली. १९८९ च्या तिच्या २.० आवृत्तीत अगदी शेवटी अमूर्त वर्गाची भर पडली. ज्या वर्गातले एखादे काम रिकामे ठेवले आहे, त्याची वस्तू बनवू पाहिल्यास कंपायलरच नकार देतो. चूक नाक्यावर पोचण्याआधी घरीच पकडली जाते. त्यासाठी नवा शब्द भाषेत आणायला त्या वेळी मान्यता मिळण्याची आशा नव्हती, म्हणून कामाच्या नावापुढे '= ०' लिहायचे ठरले. हा शून्य म्हणजे टोल शून्य रुपये, असे समजणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत निघतो. १९९५ साली आलेल्या जावाने 'ॲब्स्ट्रॅक्ट' असा सरळ शब्दच दिला. सी++ मध्ये तो शून्य अजून तसाच आहे.