जॉर्डेनस कातालानी

(चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध). डोमिनिकन संघाचा धर्मोपदेशक, पोपचा दूत आणि कोल्लमचा पहिला लॅटिन बिशप. मूळचा दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराकचा. पद केरळचे मिळाले, तरी त्याची पुराव्यानिशी सांगता येणारी हकीकत मुख्यतः ठाणे-सोपाऱ्याची आहे.

इराणातून चार फ्रान्सिस्कन साधूंसह तो कोल्लमला निघाला होता, पण जहाजाने त्यांना ठाण्यास आणून सोडले. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होते. फार्सी जाणणारा जॉर्डेनस भडोचकडे गेला. बाकीचे चौघे एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. ओडोरिक या प्रवाशाच्या वृत्तांतानुसार एका संध्याकाळी यजमानाने बायकोला मारहाण केली, ती सकाळी काझीकडे गेली आणि तिने या पाहुण्यांची साक्ष काढली. साक्ष राहिली बाजूला. धर्मावर वाद पेटला आणि एप्रिल १३२१ मध्ये चौघांनाही ठार करण्यात आले. जॉर्डेनसने परत येऊन त्यांचे मृतदेह सोपाऱ्यास पुरले व या भागात एकट्यानेच काम चालू ठेवले.

त्याने युरोपला धाडलेल्या पत्रांत विलापाबरोबर व्यवहारी नजरही दिसते. पोपने भारताच्या समुद्रात दोन लढाऊ गलबते ठेवली, तर इजिप्तच्या सुलतानाचे कंबरडे मोडेल, असे तो सुचवतो. धर्मप्रचारकापेक्षा मुत्सद्द्यालाच शोभेल असा हा सल्ला आहे. पोप बावीसावा जॉन याने १३२९ मध्ये आव्हीन्यों येथे त्याला कोल्लमचा बिशप नेमले. भारतातील ख्रिस्ती समाजासाठी पत्रे देऊन, इराणातील सुलतानिया येथील आर्चबिशपला पदचिन्ह म्हणून लोकरी पट्टा पोहोचवण्याची कामगिरीही त्याच्यावर व समरकंदच्या बिशपवर सोपवली. यानंतरचे त्याचे चरित्र अंधारात आहे. ठाण्यातच त्याची हत्या झाली ही परंपरेची गोष्ट.

*मिराबिलिआ डेस्क्रिप्टा* हा त्याचा लॅटिन ग्रंथ छोटेखानी, पण मोलाचा. ऐकीव गोष्टी त्यात पुष्कळ आहेत. मात्र डोळ्यांनी पाहिलेले तो नेमके टिपतो. एक फणस पाच माणसांना पुरतो, आंब्याच्या गोडीला तोड नाही, हे तो लिहितो. अग्निपूजक लोक प्रेते न पुरता, न जाळता छप्पर नसलेल्या बुरुजात ठेवतात, ही त्याची नोंद पारशी समाजाच्या इतिहासकारांना विशेष महत्त्वाची वाटावी. हेन्री यूल याने १८६३ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. कोल्लमची बिशपगादी मात्र शतकानुशतके रिकामी राहिली आणि १८८६ मध्ये पुन्हा स्थापन झाली.