ऑइलझॅपर

ऑइलझॅपर : खनिज तेलाने दूषित झालेली माती व तेलगाळ जिवाणूंच्या साहाय्याने स्वच्छ करण्याचे भारतीय तंत्र. कच्च्या तेलाच्या टाक्यांच्या तळाशी तेल, पाणी आणि माती यांचा काळा, चिकट गाळ साचतो. तो उघड्या खड्ड्यांत टाकला, तर तेल झिरपून भूजलापर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच भारतात त्याची गणना घातक कचऱ्यात होते.

दिल्लीच्या टेरी या संस्थेने तेलावर जगणाऱ्या जिवाणूंचे पाच वाण निवडून हे मिश्रण तयार केले. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची भुकटी हा त्यांचा वाहक. ही भुकटी पोषकद्रव्यांसह गाळमिश्रित मातीवर पसरतात. मग ठरावीक काळाने नांगरट करून पाणी देतात. हवा व ओल मिळाली की जिवाणू हायड्रोकार्बनांचे विघटन करतात आणि त्यांतून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते.

गाळातील जड धातू मात्र जिवाणूंना नष्ट करता येत नाहीत.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्यापर्यंत पसरले. त्या सफाईतही ऑइलझॅपर वापरले गेले. ओएनजीसी ही तेल कंपनी व टेरी यांची 2007 मध्ये स्थापन झालेली संयुक्त कंपनी तेलक्षेत्रांत या तंत्राचा वापर करते.