गाडी लावायची कुठे? तळावर वसलेल्या नगरची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात पुण्याहून आत्या आली होती. तिला भुईकोट किल्ला बघायचा होता. "नेहरूंची खोली बघायची राहिलीये माझी," ती म्हणाली. सुट्टीचा दिवस होता. मी गाडी काढली, तिला पुढे बसवलं आणि निघालो.

किल्ल्याचा घेर मैलापेक्षा थोडासाच जास्त आहे, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या आत. त्याच्या बाहेरून मी दोन फेऱ्या मारल्या. जिथे सावली तिथे आधीच गाड्या, जिथे जागा तिथे चिखल आणि जिथे चिखल नाही तिथे 'गाडी लावू नये' अशी पाटी. दुसऱ्या फेरीला आत्या म्हणाली, "अरे, किल्ला बघायला आलोय की प्रदक्षिणा घालायला?"

शेवटी बऱ्याच लांब एका भिंतीच्या कडेला गाडी लावली. आत्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिथून आम्ही रिक्षा केली. रिक्षात तिने सहज विचारलं, "शहरात श्वास घ्यायला जागा नाही आणि किल्ल्याभोवती एवढं मोकळं कसं काय राहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर ते शोधत गेलो, तेव्हा लक्षात आलं की 'गाडी लावायची कुठे' हा प्रश्न नगरला मोटारी आल्यावर पडलेला नाही. या शहराचा जन्मच त्या प्रश्नातून झालाय.

एक शब्द : तळ

'पार्किंग'ला मराठीत आपण वाहनतळ म्हणतो. विमानं उतरतात तो विमानतळ, बैलगाड्या सुटायच्या तो गाडीतळ. यातला 'तळ' आला लष्करातून. फौज मुक्कामाला थांबली की तळ पडायचा, निघाली की तळ हलायचा. आजही घरी पाहुणे आठवडाभर राहिले की आपण 'तळ ठोकलाय' म्हणतो.

फौजेचा तळ म्हणजे नुसते तंबू नव्हेत. घोडे, उंट, हत्ती, तोफा ओढणारे बैल, दाणागोटा वाहणारे तांडे आणि मागून येणारे बाजारबुणगे, हे सगळं एका रात्रीसाठी कुठेतरी लावायचं असायचं. त्याला चार गोष्टी लागायच्या : सपाट जमीन, पाणी, चारा आणि पहारा. यातली एक जरी चुकली तरी लढाई हातची जायची.

१४९० : बेसावध तळ

नगरची पहिली गोष्ट अशाच एका चुकलेल्या तळाची आहे. मलिक अहमद बहमनी सत्तेविरुद्ध उभा राहिला होता. त्याला आवरायला आलेल्या बहमनी फौजेचा सेनापती जहांगीर खान याने भिंगारजवळ तळ दिला. पावसाचे दिवस, शत्रू लांब घाटाकडे. तळावर सैलावलेपण आलं, पहारा ढिला पडला. लहानपणीच नगरला आलेला इतिहासकार फरिश्ता ही हकिकत सांगतो. मलिक अहमदाने रात्रीत मजल मारली आणि २८ मे १४९० च्या पहाटे तो झोपेतल्या तळावर तुटून पडला.

या विजयानंतर तिथे बाग आणि वाडा उभा राहिला, मग शहर वसू लागलं. निजामशाहीची राजधानी झालेल्या या गावाचा स्थापना दिवस म्हणून आजही २८ मे हीच तारीख सांगतात. भिंगारच्या माळावर थांबलेल्या एका फौजेचं थांबणं चुकलं आणि त्यातून आपलं नगर झालं. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं असलं, तरी रिक्षावाल्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून नगरच आहे.

१६२४ : चिखलातला तळ

दुसरी गोष्ट भातोडीची. नगरपासून तासाभराच्या आत गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर हे गाव आहे, आणि त्याच्याजवळ तलाव.

१६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र होऊन मलिक अंबरवर चालून आल्या. अंबरजवळ माणसं कमी होती. त्याने भातोडीचा तलाव फोडला. पाणी पसरलं, आजूबाजूची जमीन चिखल झाली आणि एवढी मोठी फौज जागच्या जागी रुतली. तोफा हलेनात, गाडे हलेनात, जनावरांना दाणा मिळेना. त्यात रात्री-अपरात्रीचे छापे. काही दिवसांत तळावरची माणसं उपाशी पडून फुटायला लागली. मग अंबरने गाठून लढाई दिली आणि जिंकली. याच लढाईत निजामशाहीकडून शहाजीराजे लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी कामी आले.

गनिमी काव्याबद्दल आपण शाळेत वाचतो, पण त्यातली ही बाजू सहसा सांगितली जात नाही. समोरच्याची तलवार मोडण्यापेक्षा त्याचा तळ मोडणं सोपं. चिखलात रुतलेली गाडी काढायचा प्रयत्न ज्याने केलाय त्याला अंबरचं डोकं लगेच कळेल.

१७०६ : तळाचं बिल कोणी भरलं?

आता सगळ्यात मोठा तळ. औरंगजेबाच्या छावणीला फिरतं शहरच म्हणायचे. १६९५ मध्ये जेमेली करेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने ती गलगली इथे, आजच्या कर्नाटकात, पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. ऐकीव आकडे फुगतात हे धरून तो निम्मा केला, तरी आपल्या भुईकोटाभोवती चौदा फेऱ्या माराव्या लागतील.

मराठ्यांशी दोन दशकांहून जास्त काळ लढून थकलेला बादशहा १७०६ च्या सुरुवातीला नगरला परतला. भिंगारजवळ त्याची छावणी पडली आणि तिथेच ३ मार्च १७०७ रोजी तो वारला. दफन खुलताबादला झालं. त्याच्या मुक्कामाची खूण म्हणून भिंगारजवळ आलमगीर दर्गा आहे.

अशी छावणी वर्षभर एका जागी राहते, तेव्हा त्या हजारो जनावरांनी खायचं काय? गवताची कुरणं संपतात, मग उभी पिकं जातात. जळणासाठी झाडं जातात. विहिरी उपसल्या जातात. दख्खनमधल्या त्या वर्षांचं वर्णन करताना समकालीन लेखक उजाड शेतं आणि दुष्काळ यांच्याबद्दल लिहितात. तळाला भाडं नव्हतं, पावती नव्हती. फुकटच होता तो. त्याची किंमत फक्त त्यात न राहणाऱ्या माणसांनी भरली.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत जुलै १९३५ मध्ये जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं. पुढे डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला आणि २००५ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : फुकट पार्किंग कधीच फुकट नसतं, ज्याच्याकडे गाडी नाही तोही त्याचे पैसे भरतो, फक्त त्याला ते कळत नाही. शूपसाहेबांना नगरचा इतिहास माहीत असायचं कारण नाही. पण भिंगारच्या आसपासच्या तेव्हाच्या शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचताच समजलं असतं.

१८०३ : मोकळं मैदान कुठून आलं?

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं.

आपला किल्ला भुईकोट. डोंगरी किल्ल्याला कड्याचं संरक्षण असतं, भुईकोटाला ते नाही. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात दगडी तटबंदी बांधली आणि भोवती साधारण शंभर फुटी खंदक. पण खंदकापलीकडे घरं, झाडं, भिंती असतील तर शत्रू त्यांच्या आडून जवळ येतो. म्हणून भुईकोटाभोवतीची जमीन मोकळी हवी. तटावरच्या तोफेला समोर काही आड येता कामा नये. ज्याला आपण आज मैदान म्हणतो, तो एके काळी तोफेचा मारा होता.

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली इथे आला तेव्हा शहर आणि किल्ला दोन्ही शिंद्यांकडे होते. ८ ऑगस्टला त्याच्या फौजेने शिड्या लावून शहराचा तट ओलांडला. हे इतक्या झटपट झालं, की त्याच्यासोबत असलेल्या गोखले सरदारांनी पुण्याला कळवलं : ही माणसं सकाळी भिंत चढून गेली आणि न्याहारीला परत आली! पण मोकळ्या मैदानामागचा किल्ला न्याहारीआधी पडला नाही. त्यासाठी तोफांचा मोर्चा बांधावा लागला, बोलणी झाली आणि १२ ऑगस्टला किल्ला त्याच्या हाती गेला.

वेलस्ली पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. पण दख्खनमधली त्याची खरी काळजी बैलांची होती. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांवर त्याच्या तोफा चालायच्या. बैल थकले तर मोहीम थांबली. नगरचा किल्ला त्याला हवा होता तो दाणागोटा, दारूगोळा सुरक्षित ठेवायला, म्हणजे पक्का तळ म्हणून. तो मिळाल्यावर सहा आठवड्यांत, २३ सप्टेंबरला, त्याने असईची लढाई जिंकली.

इंग्रज गेले, किल्ला भारतीय लष्कराकडे आला. लष्कराच्या ताब्यातल्या जमिनीवर बाहेरच्यांना इमारती उठवता येत नाहीत. शहर इंचाइंचाने भरत गेलं तरी इथे मोकळीक राहिली, ती अशी.

कायमचं पार्किंग

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईहून एक खास गाडी निघाली. गांधीजींना वाटेत उतरवून आगाखान पॅलेसला नेलं आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरला आणलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव अशा बारा जणांचा मुक्काम किल्ल्यात पडला. किती दिवस, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. आत्याला बघायची होती ती ही खोली.

नगरात आणखी एक जागा आहे, जिथे पार्किंगची अडचण कधी येत नाही : रणगाडा संग्रहालय. १९९४ मध्ये सुरू झालेलं. पहिल्या महायुद्धातली रोल्स रॉइस चिलखती गाडी, सेंच्युरियन, आपला विजयंता, १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन, सगळे रांगेत, झाडांच्या सावलीत. लहान मुलं त्यांच्याजवळ उभी राहून फोटो काढतात. देशोदेशी फिरून आलेल्या या गाड्यांना नगरने कायमची जागा दिली.

मग आपण कुठे लावायची?

चांदबिबी महाल म्हणून आपण ओळखतो ती सलाबतखानाची कबर डोंगरावर आहे, शहरापासून तेरा-चौदा किलोमीटरवर. तरी सुट्टीला तिथे गर्दी असते, कारण गाडी वरपर्यंत जाते. आणि शहराच्या पोटातला दिल्ली दरवाजा? माळीवाडा वेस? त्यांच्याखालून रोज हजारो लोक जातात, पण थांबून वर कोणी बघत नाही. थांबणार कुठे? मागचा हॉर्न वाजवतो. जिथे गाडी थांबत नाही तिथलं स्मारक आपल्यापुरतं नाहीसं होतं. आणि जिथे थांबते, तिथे आपण ती थेट कमानीला, ओट्याला, थडग्याला टेकवून लावतो.

एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे एका खोलीएवढी. शहराच्या जुन्या भागात खोलीएवढी जागा मोकळी असेल, तर ती कुणाच्या तरी चालण्याची, भाजी विकण्याची किंवा खेळण्याची असते. ती आपण घेतो, तेव्हा आपलाही तळ कुणाच्या तरी शेतात पडलेला असतो. फरक इतकाच, की आपला तासाभराने हलतो.

म्हणून मी आता एक सवय लावून घेतलीये. शहरातलं काही बघायचं तर गाडी लांब, पैसे देऊन लावायची आणि चालायचं. ज्याला चालणं जमत नाही, त्याला रिक्षा. वेशीखाली पायी उभं राहिलं, की तिची उंची पहिल्यांदा जाणवते.

त्या दिवशी आत्या खोली बघून बाहेर आली आणि खंदकाच्या कडेला बराच वेळ बसली. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, भिंतीच्या कडेला लावलेल्या गाडीकडे. ती म्हणाली, "थांब रे जरा. कुठे पळून जातेय तुझी गाडी?"

मग मीही बसलो.