राजपत्रातील विद्यापीठे

भिलाईचे नाव घेताच प्रथम आठवतो तो तेथील पोलाद कारखाना. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून तो उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार आणि भट्टी यांच्यामध्ये चार वर्षांचे श्रम होते. याच छत्तीसगढात पुढे विद्यापीठे मात्र केवळ अधिसूचनेने निर्माण झाली.

१ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य अस्तित्वात आले. सरकारी साधने तोकडी होती. म्हणून उच्च शिक्षणात खाजगी भांडवल आणावे, या विचाराने २००२ मध्ये खाजगी विद्यापीठांचा कायदा करण्यात आला. त्याच्या पाचव्या कलमानुसार, राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ जन्मास येई. सहाव्या कलमाने आणखी केंद्रे काढण्याची वाट मोकळी केली. पाहता पाहता अशा विद्यापीठांची संख्या ११२ झाली. त्यांतील अनेकांना इमारत नव्हती, आवार नव्हते. काहींचा कारभार एका खोलीतून चाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निकाल दिला. विद्यापीठ स्थापन करणे राज्याच्या अधिकारात असले, तरी उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे व राखणे हा केंद्राचा विषय आहे. नुसत्या प्रस्तावाला विद्यापीठ म्हणता येत नाही, असा त्याचा आशय होता. दोन्ही कलमे रद्द झाली आणि त्यांच्या आधारे स्थापन झालेली सर्व विद्यापीठे एका दिवसात संपली.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे महर्षी कर्वे आठवल्यावाचून राहत नाहीत. त्यांचे महिला विद्यापीठ १९१६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झाले. त्याला वैधानिक मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. तेथे आधी वर्ग भरले, मान्यता पस्तीस वर्षांनी आली. छत्तीसगढात मान्यता आधी आली आणि वर्गांची वाट पाहावी लागली.

तथापि काही ठिकाणी खरोखर विद्यार्थी शिकत होते, आणि शुल्क भरताना राज्यघटनेतील सूची तपासणे हे त्यांचे काम नव्हते. त्यांचे हित राखण्यासाठी अशा संस्था राज्यातील प्रस्थापित विद्यापीठांना संलग्न करण्याची उपाययोजना शासनाने करावी, असे न्यायालयाने सुचविले. त्याच वर्षी राज्याने खाजगी विद्यापीठांसाठी नवा कायदा केला, आणि भिलाईत स्वामी विवेकानंद तंत्रविज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली.

अधिसूचना रद्द करता येते. परंतु तिच्यावर विश्वास ठेवून घालविलेले वर्ष कोणत्याही निकालाने परत मिळत नाही.