साट्याखालचा कंदील आणि डिकीतला दिवा

वाहनाला दिवा आधी लागला तो वाटेसाठी, मग आत बसलेल्या माणसांसाठी आणि सर्वांत शेवटी सामानासाठी. बैलगाडी असो, मोटार असो की टेम्पो, हा क्रम बदललेला नाही. भीमाशंकरच्या रस्त्यावर तो फार स्पष्ट दिसतो, कारण या रस्त्यावर सामान काढण्या-घालण्याची वेळ बहुतेकदा अंधाराचीच असते. पुणे-नाशिक रस्त्यावरून मंचरला वळले की घोडेगाव, शिनोली, डिंभे, पोखरी घाट, तळेघर, निगडाळे अशी आंबेगाव तालुक्यातली वाट चढत जाते. वरची उंची सुमारे हजार मीटर. पावसाळ्यात धुके इतके दाट की दिवस मावळायच्या आधीच झाडीत काळोख होतो. पहाटेच्या दर्शनासाठी लोक रात्रीच निघतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला ही गर्दी रात्रभर असते. गाडी थांबते, मागचे दार उघडते, आणि पिशव्यांच्या ढिगात छत्री, औषध किंवा पूजेचे ताट चाचपडत शोधावे लागते.

बैलगाडीच्या काळात ही अडचण एकाच दिव्याने भागत असे. कंदील साट्याखाली, म्हणजे गाडीच्या तळाखाली, कण्याजवळ टांगलेला असायचा. हे वरवर उलटे वाटते, पण त्यात पक्का विचार होता. ज्योत डोळ्यांसमोर असली की तिच्यापलीकडचे काहीच दिसत नाही. ती खाली असली की उजेड जमिनीवर पडतो, चाकोरी आणि बैलांचे खूर दिसतात, आणि मागून येणाऱ्यालाही पुढे गाडी आहे हे कळते. मुक्कामावर पोचल्यावर तोच कंदील काढून हातात घ्यायचा आणि पोती उतरवणाऱ्याच्या खांद्यावरून उजेड धरायचा. दिवा एकच, पण जागा बदलली की काम बदलायचे. गाडीतल्या सामानाच्या उजेडाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही साधी सोय हरवण्याचा आणि पुन्हा सापडण्याचा इतिहास आहे.

या कंदिलाची रचनाही वाहनाला साजेशी होती. दोन बाजूंच्या पोकळ नळ्यांतून हवा खाली वातीकडे येते आणि काच ज्योतीला वाऱ्यापासून वाचवते. त्यामुळे हिसके बसले, वारा सुटला तरी तो सहसा विझत नाही. सुरुवातीला असे कंदील परदेशातून येत. स्वदेशीच्या चळवळीत काचेच्या देशी कारखान्यांचा प्रयत्न सुरू झाला. तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला, आणि कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना 1916 मध्ये. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी, गोठ्यागोठ्यांत आणि गाड्यांखाली टांगलेला दिसू लागला.

घाटमाथ्यावर मात्र गाडी सगळीकडे पोचत नव्हती. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातले महादेव कोळी हिरडा गोळा करून डोक्यावरून खाली आणत. कोकणात कर्जतकडे खांडसला उतरणारे शिडी घाट आणि गणेश घाट हे तर पायीच चढण्या-उतरण्याचे. तिथे चूड पेटवून चालायचे, आणि ओझे उजेडाशिवायच बांधायचे-सोडायचे.

रॉकेलच्या उजेडाचा सर्वांत झगझगीत अवतार म्हणजे गॅसबत्ती. ऑयर फॉन वेल्सबाख याने 1885 मध्ये पेटंट घेतलेले मेंटल, म्हणजे ज्वाळेवरची कापडी जाळी, आणि 1910 च्या सुमारास जर्मनीत माक्स ग्रेत्झ याच्या कारखान्यातून आलेली ‘पेट्रोमॅक्स’ यांनी ती घडवली. पंपाने टाकीत हवा भरायची, दाबाने वर चढलेल्या रॉकेलची वाफ होते आणि तिच्या ज्वाळेत मेंटल पांढरे तापते. पहिल्या जळण्यातच मेंटलचे कापड जाते आणि राखेचा नाजूक सांगाडा तेवढा उरतो. बोट लागले तरी तो ढासळतो, खड्ड्यातल्या एका दणक्याने गळून पडतो. म्हणून गॅसबत्ती चालत्या गाडीत कधी पेटवली जात नसे. नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे मोठे ठाणे. गावोगावच्या जत्रांत फडाचा ट्रक पोचला की आधी बत्त्या उतरवायच्या, एक पेटवायची आणि तिच्या उजेडात फाळका पाडून पेट्या, वाद्ये, राहुट्यांचे कापड खाली घ्यायचे, ही रीतच होती. सामानाचा दिवा सामानातच बांधलेला असायचा.

मोटारीत तर सामानाला सुरुवातीला आत जागाच नव्हती. पाठीमागच्या चौकटीवर चामड्याची किंवा पत्र्याची ट्रंक पट्ट्यांनी आवळून ठेवत. अमेरिकेत गाडीच्या त्या भागाला आजही ट्रंकच म्हणतात. आपल्याकडचा ‘डिकी’ हा शब्द इंग्रजी ‘डिकी सीट’वरून आला. घोडागाडीच्या आणि पुढे मोटारीच्या मागे नोकरासाठी किंवा जादा माणसासाठी जे उघडमिटीचे आसन असे, त्याचे हे नाव. आसन गेले, त्या जागी झाकणाची पेटी आली, नाव तेवढे राहिले. त्या काळी पुढचे दिवे कार्बाइडचे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो, तो जाळायचा. असला दिवा बंद पेटीत बसवणे शक्यच नव्हते. 1912 मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. त्यानंतर मोटारीत कुठेही दिवा नेता येईल, अशी वायर उपलब्ध झाली. तरी ती डिकीपर्यंत पोचायला आणखी बराच काळ गेला.

महाराष्ट्रात बहुसंख्य लोकांचे सामान डिकीत नव्हे, टपावर गेले. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, आणि पुढच्या काही दशकांत गावोगावचा माणूस एसटीशी जोडला गेला. टपावरच्या बोजावर ताडपत्री आणि दोर. रात्री बोजा उतरवताना उजेडाला खालून कोणी धरलेली हातातली बॅटरी. महिंद्राने 1947 पासून आणलेली जीप आणि नंतरच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या यांनी घोडेगावच्या पुढचा भाग उघडला. त्यांत मागच्या बाकांखाली पोती आणि बाकांवर माणसे. बजाज टेम्पोच्या तीन आणि चार चाकी गाड्यांचे नाव मराठीत सगळ्याच छोट्या मालगाड्यांना चिकटले. टेम्पोच्या हौद्यालाही आतला दिवा नसे. नारायणगावच्या बाजारात पहाटे टोमॅटोची क्रेट उतरतात ती अजूनही बाजाराच्या उजेडात किंवा मोबाइलच्या.

मोटारीच्या डिकीत दिवा आला तेव्हा मुख्य प्रश्न उजेडाचा नव्हता, बटणाचा होता. झाकण लागले की दिवा विझलाच पाहिजे, आणि विझला की नाही हे बाहेरून कधीच दिसत नाही. यावर अमेरिकी गाड्यांत पाऱ्याचे बटण वापरत. काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब असतो. झाकण वर उचलले की कुपी तिरपी होते, थेंब घरंगळून दोन तारा जोडतो आणि दिवा लागतो. झिजायला काहीच नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे टिके. पण गाडी भंगारात वितळवली की पारा हवेत जाई. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमाने जुलै 2003 पासून नव्या गाड्यांत पाऱ्याला मनाई झाली, आणि अमेरिकी कारखान्यांनीही त्याच सुमारास तो सोडला. दुसरा प्रकार दाबबटणाचा. झाकणाच्या काठाशी स्प्रिंगचे बटण, किंवा कुलपातच बसवलेले बारीक बटण. भीमाशंकरसारख्या पावसाच्या मुलखात उघड्या बटणाला गंज चढतो. ते आत अडकून बसले की दिवा लागत नाही, बाहेर अडकले की तो विझत नाही.

न विझणाऱ्या दिव्याचा हिशेब करण्यासारखा आहे. डिकीत सर्रास वापरला जाणारा बल्ब फ्यूजसारखा लांबट, दोन्ही टोकांना टोपी असलेला, 12 व्होल्ट 5 वॅटचा. तो सुमारे 0.42 अँपिअर खेचतो. गाडी खांडसला उभी करून कोणी घाटाने वर गेले आणि तीन दिवसांनी परतले, तर 72 तासांत 30 अँपिअर-तास गेले. छोट्या मोटारीची बॅटरी साधारण 35 ची. म्हणजे गाडी ढकलण्यावाचून इलाज नाही. तेवढाच किंवा जास्त उजेड देणारा 1 वॅटचा एलईडी त्याच वेळात 6 अँपिअर-तासच खाईल. 1990 च्या दशकात जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी तयार झाला आणि त्यातूनच पांढरा एलईडी साधला. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. डिकीच्या बाबतीत तरी हा शोध उजेडापेक्षा बॅटरी वाचवण्याच्या दृष्टीने मोठा आहे.

बल्ब बदलून सगळे सुधारत नाही, हे मात्र लोकांच्या उशिरा लक्षात येते. कारखान्यातून येणारा दिवा बहुधा डिकीच्या एका भिंतीत, खालच्या बाजूला असतो. पहिली मोठी पिशवी त्याला टेकली की उरलेली डिकी काळोखात. सीएनजीच्या गाडीत टाकीच निम्मी डिकी अडवते. मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सींचे सामान त्यामुळेच टपावरच्या कॅरिअरवर जाई. अशा ठिकाणी दुप्पट तेजाचा बल्ब घातला तर टाकीची सावली तेवढी गडद होते. उपाय जागा बदलण्याचा. झाकणाच्या आतल्या बाजूला, काठाजवळ एलईडीची पट्टी लावली की झाकण उघडताच उजेड वरून पडतो, कंदील खांद्यावरून धरल्यासारखा. वायर मूळ दिव्याच्या जोडणीतूनच घ्यावी म्हणजे बटण आणि फ्यूज दोन्ही तेच राहतात. झाकणाच्या बिजागरीपाशी ती सैल ठेवून रबरी नळीतून न्यावी, नाहीतर रोजच्या उघडझापीत तिचे आवरण घासते. सीएनजीच्या गाडीत तर उघडी जोडणी ठेवूच नये.

उजेडाचा रंगही इथे महत्त्वाचा. अंधाराला सरावलेली नजर पांढऱ्या झगमगाटाने क्षणात जाते आणि पूर्ण परतायला वीस ते तीस मिनिटे लागतात. डिकी मिटून लगेच धुक्याच्या घाटात गाडी घालणाऱ्यासाठी पिवळसर, मंद दिवा बरा. जंगलासाठीही तोच बरा. सुमारे 130 चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये शेकरूसाठी राखले गेले. तिथे पावसाच्या तोंडावर काजवे एकमेकांना उजेडाने खुणावतात, आणि भर पावसात कुजत्या लाकडावरची बुरशी हिरवट चमकते. रस्त्याकडेला उघड्या डिकीचा झोत पडला की काजव्यांची ती खूण पुसली जाते.

गेल्या काही वर्षांत काही मोटारींत डिकीचा दिवाच काढता येण्याजोगा असतो. श्कोडाच्या सुपर्बमध्ये तो खोबणीत असताना डिकी उजळतो आणि आतली बॅटरी भरून घेतो. बाहेर ओढला की हातातला दिवा होतो, आणि चुंबकामुळे गाडीच्या पत्र्याला चिकटतोही. पंक्चर चाकापाशी, पिशव्यांच्या मागे, हवा तिथे तो धरता येतो, जसा साट्याखालचा कंदील काढून धरत.