जादू चालला, जोकर पडला... आणि मराठी परग्रहवासी?

१९६७ हे साल आपल्या सिनेमाच्या इतिहासात मोठं गमतीचं आहे. माणूस चंद्रावर उतरायला अजून दोन वर्षं होती, पण मुंबईचे दारासिंग तिथे जाऊन पोचलेसुद्धा होते! सिनेमाचं नाव 'चांद पर चढाई'. चंद्रावर जायचं आणि तिथे भेटेल त्याच्याशी दोन हात करायचे, असा सगळा मामला. त्याच वर्षी 'वहाँ के लोग' नावाचा आणखी एक हिंदी सिनेमा आला, त्यात मंगळावरच्या लोकांची दहशत. आणि त्याच वर्षी कलकत्त्यात सत्यजित राय 'द एलियन' नावाची पटकथा लिहीत होते.

पहिले दोन सिनेमे पडद्यावर आले आणि लोक ते विसरून गेले. तिसरा कधी बनलाच नाही, आणि त्याच्याबद्दल आजही बोललं जातं. असं का, हा या वीकेंडचा विषय.

रायांच्या गोष्टीत यान उतरतं ते बंगालमधल्या एका खेड्यातल्या तळ्यात. पाण्याबाहेर नुसता कळस दिसतो, त्यामुळे गावकऱ्यांना वाटतं की जमिनीतून देऊळच वर आलं. एका मारवाडी व्यापाऱ्याला लगेच त्यात धंदा दिसतो. (ही भूमिका पीटर सेलर्स करणार होता!) गावात एक अमेरिकन इंजिनियर आहे, तो दुष्काळी भागात नलिका विहिरी खोदायला आलाय. आणि तो परग्रहवासी? तो लहान मुलासारखा आहे. रात्रीतून शेत पिकवतो, नसत्या मोसमात आंब्याला फळं आणतो. बस्स, एवढंच. कोलंबिया कंपनी पैसे घालणार होती, पण माइक विल्सन नावाच्या मध्यस्थाने पटकथेच्या कॉपीराइटमध्ये स्वतःचंही नाव घालून ठेवलं, गोष्टी बिघडत गेल्या आणि प्रकल्प बारगळला. पुढे १९८२ मध्ये स्पिलबर्गचा 'ई.टी.' आला. आपल्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरत होत्या, त्याशिवाय हे शक्य नव्हतं, असं राय म्हणाले. स्पिलबर्गने ते नाकारलं. असो. तो वाद आपण सोडवू शकत नाही.

पण त्या पटकथेत सूत्र काय आहे ते बघा. आमच्या धंद्यात बग शोधताना एक नियम पाळतात: एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं आहे तसं राहू द्या. रायांनी तेच केलं. तळं, पुजारी, शेठजी, दुष्काळ, सगळं जिथल्या तिथे. बदललं एकच. मग त्या एका बदलामुळे गावाचं खरं रूप आपोआप बाहेर पडतं. याउलट दारासिंगांच्या चंद्रावर सगळंच नवलाचं, त्यामुळे नवल असं कशाचंच वाटत नाही.

आता ८ ऑगस्ट २००३ कडे येऊ. 'कोई... मिल गया'. राकेश रोशनने 'ई.टी.'वरून किती उचललं यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली, आणि उचललं होतंच. पण नुसती नक्कल केली असती तर तो आपटला असता. १९८८ मध्ये 'मॅक अँड मी' नावाचा 'ई.टी.'चा एक अमेरिकन अवतार आला होता, बर्गर आणि कोल्ड्रिंकच्या जाहिरातींनी खच्चून भरलेला. तो साफ पडला. मग जादू का चालला?

माझ्या मते कारण हे, की जादूला काय हवंय ते तिसरीतलं पोरगंही एका वाक्यात सांगू शकतं: ऊन हवंय आणि घरी जायचंय. (जादू मे महिन्यात सोलापुरात उतरला असता तर त्याला बॅटरीचा प्रॉब्लेम आयुष्यात आला नसता :-) ) आणि त्याला ज्या घरात जागा मिळते ते घरही आपल्या ओळखीचं. बुद्धीने मागे पडलेला मुलगा, त्याला एकटीने वाढवणारी आई, शाळेत टिंगल करणारी पोरं. जादू निघून गेला तरी त्या आईची गोष्ट उरते. जादूच्या सूटमध्ये इंद्रवदन पुरोहित हे बुटके नट होते. ती हालचाल कॉम्प्युटरने केलेली नव्हती, आत एक खरा माणूस घाम गाळत होता, आणि ते पडद्यावर जाणवतं.

नागपूरच्या राजकुमार हिरानींनी २०१४ मध्ये 'पीके' काढला तेव्हा तर त्यांनी परग्रहवासी दिसायलाही वेगळा ठेवला नाही. रिमोट हरवलाय, तो शोधायचाय, की झाली गोष्ट सुरू. भाषा येत नाही, म्हणून एका बाईचा हात धरून तो भोजपुरी शिकतो. सिनेमाला हवी होती ती एकच अशक्य गोष्ट, आणि बाकी दिल्लीचे रस्ते, देवळं, मशिदी, पाकिटमार.

मग 'जोकर' का पडला? ३१ ऑगस्ट २०१२ ला आलेला शिरीष कुंदरचा हा सिनेमा. खरं सांगू का, त्याची मूळ कल्पना या सगळ्यांत मला सर्वांत आवडते. पगलापूर नावाचं गाव. नकाशावरच नाही, त्यामुळे ना वीज, ना पाणी, ना रस्ता. अमेरिकेहून परतलेला मुलगा बघतो की सरकार दाद देत नाही, म्हणून गावातच खोटे परग्रहवासी उभे करतो. झालं, चॅनेलवाले धावत येतात. म्हणजे माणसं तहानेली आहेत ही बातमी नाही, पण हिरवं काहीतरी दिसलं ही बातमी! करमाळ्यापासून सांगोल्यापर्यंत कुणालाही विचारा, टँकरची वाट बघत बसलेल्या गावाला यातला विनोद समजावून सांगायला लागणार नाही.

पण सिनेमाने त्या गावावर विश्वासच ठेवला नाही. गावकऱ्यांची नुसती माकडचेष्टा केली, मध्ये आयटम साँग घातलं, आणि शेवटी खरा परग्रहवासी आणून सगळा प्रश्न परस्पर मिटवला. गावाला पाणी हवं होतं हे दिग्दर्शकच विसरला. प्रेक्षक विसरला नाही.

अर्थात, परग्रहवासीयांचा सिनेमा चालवायचे दुसरेही रस्ते आहेत. १९७९ च्या 'एलियन'मध्ये तो प्राणी फार थोडा वेळ दिसतो, न दिसण्यातच भीती. १९९६ चा 'इंडिपेंडन्स डे' नुसत्या भव्यतेवर चालला. पण भव्यतेला पैसा लागतो, आणि इथेच मराठीचा विषय निघतो.

मराठीत परग्रहवासीयांचा लक्षात राहील असा सिनेमा नाही. त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे बजेट. पण मंडळी, रायांना लागणार होतं एक तळं आणि एक बोअरिंगचं मशीन. 'पीके'तल्या परग्रहवासीयाला तर वेगळा चेहराही लागला नाही. तेव्हा बजेट ही पळवाट झाली.

लेखकांचाही तुटवडा नव्हता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून! पुढे त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, 'प्रेषित' ही कादंबरी आली. आणि हा माणूस परग्रहावरची सृष्टी नुसती कल्पनेत शोधत नव्हता. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यातून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली, त्या प्रयोगाचे ते प्रमुख होते. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. एकीचं नाव फ्रेड हॉयलवरून 'जॅनिबॅक्टर हॉयली'. आणि त्याच वेळी हेही सांगितलं गेलं की हे जीव बाहेरूनच आले असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्या कथा वाचत मोठी झालेली पिढी आज सिनेमे काढतेय, तरी पडद्यावर यान उतरत नाही.

मला वाटतं, अडलंय ते दुसरीकडे. परग्रहवासीयाच्या सिनेमात खरी परीक्षा त्याची नसते, यजमानांची असते. २००९ च्या 'डिस्ट्रिक्ट ९'मध्ये परग्रहवासी जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत कोंडलेले दाखवलेत, आणि त्यामागे केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून हाकलल्या गेलेल्या माणसांचा इतिहास आहे. असा आरसा आपल्याकडे नाही का? आहे की. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री' काढला तेव्हा त्यातला जब्या स्वतःच्याच गावात परक्या ग्रहावरचा होता. तेच मैदान, तीच शाळा, आणि त्याला डुकराच्या मागे पळताना बघून हसणारी तीच माणसं. तिथे यान लागलंच नाही.

आणि सोलापूर बघा. तेलंगणातून पद्मशाली विणकर माग घेऊन इथे आले, कन्नड तर आधीपासून इथलीच. ज्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरते त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच चौकात बोलली जाते. परक्याचा शेजारी कसा होतो, आणि कधीकधी कसा होऊ दिला जात नाही, हे या शहराला पुस्तकात वाचावं लागत नाही. आपल्यातले जे पुण्या-बंगळूरला खोली शोधत फिरलेत त्यांनाही 'कुठले तुम्ही?' या प्रश्नातली धार माहीत आहे.

थोडक्यात काय, तर मराठी परग्रहवासी यायला व्हीएफएक्सचं बजेट अडसर नाहीये. कुणीतरी बसून दोन गोष्टी नीट लिहायला हव्यात: त्याला काय हवंय, आणि आपण ते त्याला देणार की नाही. पहिलीचं उत्तर लेखकाला कल्पनेतून काढता येईल. दुसरीचं मात्र आजूबाजूला बघूनच लिहावं लागेल, आणि ते फारसं कौतुकाचं निघणार नाही.